आडाला कल्हई

आमच्या घरमालकांची भाडेकरूला एकच अट होती. शेंगांची टरफलं फेकायची नाहीत.

कोण पाहुणा येतो, घरी किती वाजता परत येता, मासे शिजवता का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. (परभणीत मी मनासारखे मासे आणणार तरी कुठून, ते सोडा.) खोली दाखवून झाल्यावर त्यांनी दारामागचा तेलाचा रिकामा डबा पायानं पुढे सरकवला आणि म्हणाले, "शेंगा खातोस ना?"

"कधीमधी."

"कधीमधी न्हाई चालायचं. रोज खायच्या. दाना तुझा, टरफल माझं. कबूल आसंल तर सामान आन."

मी कबूल म्हटलं. त्या काळात मी कशालाही कबूल म्हणायचो. आठवीत शाळा सुटलेली, घर पार समुद्राकाठी, आणि परभणीत ओळखीचं माणूस म्हणजे ज्यांच्या दुकानात कामाला लागलो ते मालक. वय पंचविशीच्या पुढे होतं, लग्न झालं होतं, बायको आणि तान्ही मुलगी गावाकडे होती, तरी कुणी नुसतं "जरा इकडं ये" म्हटलं की मला वाटायचं, संपलं, आता आपल्याला घरी पाठवतात. या घरमालकांच्या, म्हणजे सरांच्या, घरात राहून ही धास्ती गेली असं मी म्हणणार नाही. पण तिला सोबत मिळाली. सरांना माझ्यापेक्षा मोठी धास्ती होती. फक्त ती स्वतःची नव्हती, पाण्याची होती.

सगळं शहर त्यांना सर म्हणायचं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. म्हणजे कॉलेजातून झाले होते, रसायनशास्त्रातून नाही. घरामागच्या गोठ्याचे त्यांनी दोन भाग केले होते. एका भागात त्यांच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची, म्हैस. दुसऱ्या भागात सरांची प्रयोगशाळा. मधे एक सुतळी बांधलेली. सुतळीच्या अलीकडे बरण्या, नळकांडी, स्टोव्ह आणि पोती. पोत्यांत शेंगांची टरफलं, तुरीचा भुसा, उसाची चिपाडं, सरकीची साल, वाळवलेल्या केळीच्या साली. म्हैस दिवसभर सुतळीवरून मान लांब करून पोत्यांकडे बघत असायची. आक्का म्हणायच्या, "माझ्या म्हशीच्या तोंडचा घास काढून ह्यानं बाटलीत भरलाय."

सरांचं म्हणणं साधं होतं. पाण्यात तांबं, शिसं असलं काही विरघळलं की ते उकळून जात नाही आणि फडक्यानं गाळूनही जात नाही. पण ते भुशाला, टरफलाला चिकटून बसतं. "मोठ्या शहरात ह्याच्यासाठी परदेशातनं पावडरी मागवत्यात. आपल्याकडं काय हाय? टरफल हाय. मग टरफलाला कामाला लावायचं." त्यांच्यासमोर कुणी कचरा हा शब्द काढायची सोय नव्हती. "कचरा म्हनू नको त्याला. त्याला अजून नोकरी लागली न्हाई, एवढंच." मला हे फार आवडायचं. का, ते सांगायला नको.

हा माल ते लांबून लांबून गोळा करायचे. तुरीचा भुसा राणीसावरगावहून, आक्कांच्या सासरच्या शेतावरून यायचा. सरकीची साल आणायला ते पॅसेंजरनं सेलूच्या जिनिंगवर जायचे. एकदा परतताना मी बरोबर होतो. तिकीट तपासनीसानं पोत्याला पाय लावून विचारलं, "ह्यात काय हाय?"

"सरकीची साल."

"म्हंजे ढोराचं खान. मालाचं तिकीट लागंल."

"ढोरासाठी न्हाई हो. पान्यासाठी हाय."

"पानी हे खातंय?"

"पानी न्हाई खात. हे पान्याला खातंय. म्हंजे पान्यातल्या..." असं म्हणून सरांनी बाकावरच शिकवायला सुरुवात केली. परभणी येईपर्यंत तपासनीस हलला नाही. डब्यातल्या बाकी कुणाचंही तिकीट त्या दिवशी तपासलं गेलं नाही.

सरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक छोटी बाटली असायची. अमोनियाची. पाण्यात तांबं असलं तर या बाटलीतल्या थेंबांनी ते पाणी निळं व्हायचं. बूच उघडलं की शेजारच्या माणसाचे डोळे वाहू लागायचे. कुणाच्या दहाव्याला सर गेले की रडारड वाढते, असं आक्का शपथेवर सांगायच्या.

भाचीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. पंगत बसली, आणि सरांचं लक्ष मठ्ठ्याच्या पितळी पातेल्याकडे गेलं. आतली कल्हई उडालेली. अशा भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हिरवट पडतं, जीभ आखडते, हे घरोघरी माहीत असतं. पण लग्नघाईत बघतो कोण? सरांनी पेल्यात मठ्ठा घेतला, बाटली उघडली, थेंब टाकले, आणि पेला उंच धरून मांडवभर ओरडले, "कुनीबी मठ्ठा पेऊ नका! निळा व्हायलाय!"

वराकडची मंडळी ताटावरून उठली. "मठ्ठ्यात काय टाकलं वो तुमच्या मामानं?" वधूपिता खुर्ची शोधू लागले. शेवटी नवऱ्या मुलाची आजी काठी टेकत आली. तिनं पातेल्यात बोट बुडवलं, चाटलं आणि थुंकली. "कळकलंय की मेलं. मास्तर बराबर हाय. बसा, जेवा." लग्न पार पडलं. पण त्यानंतर नात्यातल्या पत्रिकांवर खाली हातानं लिहून येऊ लागलं, सरांनी कृपया बाटली आणू नये. नवीन सुनांचा त्यांच्याविषयी वेगळाच समज व्हायचा.

ती विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं होती. शहर अधूनमधून बंद असायचं, आणि उघडं असलं तरी माणसं दुसऱ्याच्या वस्तीत शिरताना इकडंतिकडं बघायची. सर सांडपाण्याच्या नालीच्या अलीकडे आमच्या गल्लीत आणि पलीकडे दलित वस्तीत सारखेच हिंडायचे. कुणाच्याही ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे, थोड्यात थेंब टाकून बघायचे आणि उरलेलं पिऊन टाकायचे. आमच्या गल्लीतल्या निवृत्त तलाठ्यांना हे खटकायचं. एकदा त्यांनी सरांना अडवलंच. "सर, तुमी तिकडचं पानी पेता म्हनं?"

"पेतो की. तिकडचं चांगलं हाय," सर म्हणाले. "मला इकडचंच परेशान करायलंय."

इकडचं पाणी म्हणजे आमच्या गल्लीचा आड. आणि आडाच्या वरच्या अंगाला आमचं दुकान.

आमचं दुकान गिलटाचं, म्हणजे वस्तूंवर चकचकीत मुलामा चढवायचं. सायकलचे हँडल, पितळी नळ, कप्प्या असल्या वस्तू तेजाबात, म्हणजे ॲसिडात, धुवायच्या, मग मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, निळ्या हौदात सोडून तांब्याचा हात द्यायचा, मग निकेलच्या हिरव्या हौदात. प्रत्येक वेळी वस्तू विसळायची. विसळलेलं पाणी नालीत. नाली आडाला खेटून जायची आणि तिथले दगड उकललेले होते. यात लपवाछपवी काही नव्हती. नाली दिवसभर निळी-हिरवी वाहायची आणि पोरं तिच्यात कागदाच्या होड्या सोडायची. सगळ्यांना ते दुकानाचं वैभवच वाटायचं, मालकांना तर जास्तच.

सरांनी भर दुपारी, बायकांच्या देखत, आडाच्या पाण्यात थेंब टाकले. पाणी निळसर झालं. गर्द नाही, पण निळंच.

संध्याकाळी तलाठ्यांच्या ओट्यावर गल्ली जमली. ठरलं असं की दुकानानं गुढीपाडव्याच्या आत बिऱ्हाड उचलावं, नाहीतर नगरपालिकेत अर्ज. मालक घामाघूम झाले. "खामखा मला मारायला निघालेत वो. मी कुठं जाऊ?" ते कुठं जातील हे मला ठाऊक नव्हतं. मी कुठं जाईन ते ठाऊक होतं. घरी, रिकाम्या हातानं. गिलटाशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं.

तेवढ्यात सर म्हणाले, "दुकान उठवून काय व्हनार? दुसऱ्या गल्लीत जाईल. तिथला आड नासंल. घान काढली म्हनता, पर ती गेली कुठं?" हा त्यांचा आवडता प्रश्न होता. केर काढणाऱ्या आक्कांनाही ते तोच विचारायचे आणि केरसुणी अंगावर ओढवून घ्यायचे. "पाडव्यापर्यंत मला द्या. दुकानाचं पानी मी साफ करून दाखवतो."

"कशानं?" तलाठी.

"टरफलानं."

गल्ली खो-खो हसली. "म्हंजे सर, आता आडाला कल्हई करनार म्हना की!"

ते नाव त्यांना चिकटलं. पोरं मागून ओरडायची, "कल्हईऽऽय!" सर मागे वळून विचारायचे, "भांडं कुठं हाय?"

दुसऱ्या दिवसापासून दुकानातलं विसळलेलं पाणी मी बादल्या भरभरून गोठ्यात नेऊ लागलो. सरांनी लांब नळकांड्यात तुरीचा भुसा ठासला, वरून निळं पाणी सोडलं, आणि आम्ही खाली बरणी धरून बसलो. वरून निळं गेलं, खालून निळं आलं.

सरांनी बरणीत आंबटपणा दाखवणारा लिटमसचा कागद बुडवला. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "पानी आंबट हाय रे! तेजाबाचं पानी. आंबट पान्यात भुसा तांब्याला धरत न्हाई. जा, पानवाल्याकडनं चुना आन."

"किती?"

"डबीभर. अन् तंबाखूवाला देऊ नको म्हनावं."

चुन्याची निवळी थोडी थोडी घालून, लिटमसचा कागद बुडवून बुडवून, आंबटपणा जेमतेम मोडेल एवढाच त्यांनी मोडला. पुन्हा पाणी सोडलं. या वेळी खालून थेंब आला तो साधा, बिनरंगाचा. मग दुसरा. सर उठले आणि सुतळीजवळ जाऊन म्हशीला म्हणाले, "बघितलंस?" मला नाही, म्हशीला. मला वाईट वाटलं नाही. तिची ज्येष्ठता होती.

पुढच्या दिवशी मात्र अनर्थ टळला तो त्या म्हशीमुळेच. तांबं धरून बसलेला तो भुसा सरांनी अंगणात पोत्यावर वाळत घातला आणि जेवून आडवे झाले. आता परभणीत अंगणात भुसा वाळत दिसला तर तो कुणाचा? आक्कांनी तो गोळा केला, पेंड कालवली, आंबोण करून म्हशीपुढे ठेवलं. म्हशीनं नाक लावलं, फुर्रर्र केलं आणि खुरानं घमेलं उलथवलं. आक्का घाबरल्या. म्हैस आंबोण सोडते म्हणजे नजर लागली. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या ठसक्यानं सर जागे झाले, खोकत बाहेर आले, आणि घमेलं बघून त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं.

"आक्के, हे खाल्लं का तिनं?"

"कुठं खातीय! नजर लागलीय तिला."

"नजर न्हाई गं, मोरचूद हाय त्यात!"

आक्कांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी पदर खोचला. "गावभर 'गेलं कुठं, गेलं कुठं' करत फिरतोस! हे बघ कुठं चाललं हुतं! माझ्या म्हशीच्या पोटात!"

सर खाली बसले. म्हशीच्या पायाशी सांडलेला भुसा चिमटीचिमटीनं वेचू लागले. तेही आणि मीही, अंधार पडेपर्यंत. वेचता वेचता ते म्हणाले, "चुकलोच की रे कोकनी. घरोघरी ढोरं हायेत. कुनीतरी खाऊ घालनारच. हे काम भुशाचं न्हाई. ढोर ज्याला तोंड लावत न्हाई, असलंच पायजे."

आणि शेंगांच्या टरफलांचे दिवस उगवले. टरफलं कुटायची, सोड्याच्या पाण्यात उकळायची, तांबडा रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवायची. गल्लीभर ओल्या पोत्यासारखा वास. घरोघरी डबे फिरले. हसणारेसुद्धा टरफलं आणून देऊ लागले, कारण शेंगा तर सगळेच खायचे. टरफलांनी तांबं धरलं. भरलेली टरफलं जराशा तेजाबात बुडवली की धरलेलं तांबं परत बाटलीत उतरायचं, निळंशार. ती बाटली मालकांनी उजेडात धरली आणि त्यांचा आवाज चिरकला, "आरं, हे तर माझंच हाय!" तेव्हापासून ते सरांना 'गुरुजी' म्हणू लागले.

पाडव्याच्या सकाळी गुढ्या उभारून झाल्यावर गल्ली आडावर जमली. सरांनी धुतलेला शर्ट घातला होता, तेजाबाची भोकं तेवढी कमी असलेला. समोर काचेचे दोन पेले. एकात दुकानाचं निळं पाणी, दुसऱ्यात टरफलातून आलेलं. दुसऱ्यात त्यांनी अमोनियाचे थेंब टाकले. रंग बदलला नाही. पुढे उभ्या असलेल्या बायका डोळे पुसत "गेलं गं, गेलं" म्हणाल्या. मालकांनी टाळ्या वाजवल्या. मी देवाचं नाव घेतलं.

तलाठी पुढे आले. "साफ झालं म्हनता ना? मग प्या."

त्यांनी नवा पेला भरून पुढे केला.

सर म्हणाले, "न्हाई पेनार."

हसण्याचा असा लोंढा आला की आडातली पारवं उडाली. मालकांना राहवलं नाही. "मी पेतो! आना इकडं!" म्हणून त्यांनी पेला उचलला, तो ओठाला लागायच्या आत सरांनी त्यांच्या हातावर फटका मारला. पेला फुटला.

"येडे का काय तुमी? तांबं गेलं म्हनलो मी. निकेल गेलं म्हनलो का?"

मग त्यांनी दुसऱ्या खिशातून दुसरी बाटली काढली. ही मी कधी पाहिली नव्हती. जुन्या विद्यार्थ्याकरवी हैदराबादहून मागवलेलं औषध होतं ते. पाण्यात निकेल असलं तर लाल होतं, थोडं असलं तर गुलाबी. बाटली आदल्याच दिवशी आली होती. सरांनी उरलेल्या स्वच्छ पाण्यात अमोनियाबरोबर हे औषध टाकलं, ढवळलं आणि पेला उंच धरला.

पाणी गुलाबी झालं.

कुणी विचारलं नसतं. कुणाला ठाऊकही नव्हतं. सकाळी सगळं जिंकून झालं होतं, आणि या माणसानं आपल्या हातानं, भर गल्लीसमोर, स्वतःला नापास केलं. मला वाटलं, आता गावाकडच्या गाडीची चौकशी करावी.

"दिसलं सगळ्यांना?" सर म्हणाले. "निकेलला टरफल तेवढं धरत न्हाई. म्हनून हे पानी नालीत जानार न्हाई. पेन्यालायक न्हाई, पर हँडल विसळायला लय चांगलं हाय. दुकानात विसळलेलं पानी टरफलातनं काढायचं अन् परत दुकानातच विसळायला घ्यायचं. बाहेर थेंब न्हाई. नालीचं तोंड आजच बुजवा."

मालकांनी सगळ्याला मान डोलावली. तलाठी गुलाबी पेल्याकडे बघत होते. ते हसायचे थांबले होते.

"बाहेर थेंब न्हाई, हे आमाला कसं कळनार?" त्यांनी विचारलं.

"आड सांगंल. आडात आत्ता तांबंबी हाय अन् निकेलबी. थेंब गेला न्हाई तर रंग फिका पडत जाईल."

"बरं. दिवाळीपर्यंत बघू. तवर आडाचं पानी धुन्याभांड्याला. दिवाळीत रंग आला तर दुकान उठलं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अन् औषध ह्यानं टाकायचं. तुमी न्हाई, मालक न्हाई. ह्याला काय येत न्हाई, हा खोटं कसं करनार?"

माझी परभणीतली पहिली नेमणूक अशी झाली.

सरांनी मला शिकवलं. पेला आधी त्याच पाण्यानं विसळायचा, औषध मोजून टाकायचं, आणि बघताना मनात काही धरायचं नाही. बाकीचं मला जमलं. मनात न धरणं जमलं नाही. दर आठवड्याला मी आडावर पेला भरायचो आणि औषध टाकण्याआधी मनातल्या मनात गावाकडच्या गाडीचं भाडं मोजायचो.

त्या महिन्यांत गल्लीला प्यायचं पाणी नालीपलीकडच्या आडावरून आणावं लागलं. पहिल्या दिवशी सर स्वतः घागर घेऊन गेले. तिथल्या बायकांनी आमच्याकडच्यांना पोहरा दिला आणि वर विचारलं, "काय वो, कल्हई झाली न्हाई का अजून?" तलाठ्यांच्या घरीही तेच पाणी जायचं. ते मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले, नळाचं हाय.

निळा रंग आधी गेला. गुलाबी पावसाळाभर राहिला. कधी फिका, कधी वाटायचं पुन्हा गडद झाला, आणि मालक मला कोपऱ्यात घेऊन म्हणायचे, "तुझ्याकडनं तर न्हाई ना कुठं सांडलं?"

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी पेला भरला तेव्हा तलाठी होते, मालक होते, आक्का घागर कमरेवर घेऊन उभ्या होत्या. सरही आले होते, पण आडाकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, ऊन डोळ्यांत येतंय म्हणून. मग पाहिलं, त्यांचे हात पाठीमागे होते आणि ते एकमेकांना घट्ट धरून होते.

मी औषध टाकलं. ढवळलं. थांबलो.

"रंग काय?" सर न वळता म्हणाले.

"काहीच नाही, सर."

"काहीच न्हाई आसा रंग नसतो. नीट बघून सांग."

मी पेला उन्हात धरला. फिरवून बघितला. तलाठ्यांनी चष्मा वर करून बघितला.

"पाण्याचा," मी म्हणालो. "पाण्याचा रंग आहे, सर."

सर वळले नाहीत. नुसती मान हलवत राहिले. तेवढ्यात आक्कांनी मला कोपरानं बाजूला केलं, "झालं का तुमचं? मग सरका आता, मला भरायचंय," म्हणाल्या, आणि पोहरा खाली सोडला.